खेपा कुणाच्या आणि कोणत्या वयातल्या?

दवाखान्याच्या खेपा वाढल्या की आपल्याकडे निष्कर्ष तयारच असतात. तरुण बाई असेल तर ‘फार टेन्शन घेते’ आणि पन्नाशी उलटलेली असेल तर ‘वयोमानाने व्हायचेच’. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस या आजारावरचे कॅनडातले संशोधन हे दोन्ही निष्कर्ष तपासायला लावते. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे मायलिनचे आवरण खरवडते. तो बहुधा विशी ते चाळिशीत उघड होतो आणि स्त्रियांत पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील हेलन ट्रेमलेट यांच्या गटाने २०१७ मध्ये चार प्रांतांतील सरकारी आरोग्यनोंदी तपासल्या. १४ हजारांहून अधिक रुग्णांची तुलना त्याच लिंगाच्या, वयाच्या आणि परिसरातल्या इतरांशी केली. मज्जासंस्थेचा आजार म्हणून पहिली नोंद होण्याच्या पाच वर्षे आधी या लोकांच्या डॉक्टरकडच्या भेटी इतरांच्या सव्वापट होत्या आणि आदल्या वर्षी त्या दुपटीच्या जवळ गेल्या. याच विद्यापीठातून २०२५ मध्ये आलेल्या अभ्यासाने आणखी मागे पाहिले, तेव्हा फॅमिली डॉक्टरकडच्या खेपा सुमारे १५ वर्षे आधीपासून वाढलेल्या दिसल्या.

मात्र हा एकूण आकडा जितके दाखवतो तितकेच झाकतोही. पाळी, गर्भारपण, बाळंतपण यांमुळे वीस ते चाळीस वयाच्या स्त्रिया तशाही दवाखान्यात अधिक जातात. त्या गर्दीत थकव्यासाठीच्या चार जादा खेपा कुणाच्या नजरेत भरणार? त्यात पुढे एमएस झालेल्या स्त्रियांच्या गर्भारपणाशी संबंधित भेटी आधीच्या पाच वर्षांत इतरांपेक्षा कमी होत्या. मूत्रविकार, सांधे-स्नायूंचे दुखणे, मानसोपचार यांच्या खेपा वाढत असताना या घटल्या, तर बेरीज निरागस दिसते. पुरुषांचे उलट: दुखणे अंगावर काढायची सवय असलेला माणूस वारंवार डॉक्टरकडे जाऊ लागला तर ती एरवीही दखल घेण्याजोगी गोष्ट आहे. एमएसपूर्व काळातल्या रक्तक्षयाचे उदाहरण बोलके आहे. तो दोघांतही वाढलेला होता, पण इतरांच्या तुलनेतला फरक पुरुषांत मोठा होता. बाईच्या कमी हिमोग्लोबिनचे कुणाला नवल वाटत नाही, हे वेगळे सांगायला नको. वेदनांच्या बाबतीत एमएस होणारे आणि इतर यांच्यातली दरी वयाबरोबर रुंदावत गेली, आणि नेमक्या त्याच वयात ‘वयोमान’ हे उत्तर हाताशी असते. म्हणून माझे म्हणणे असे, की खेपांचा आकडा त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या माणसाशी ताडल्याशिवाय वाचूच नये.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप गणिताचा आहे. ब्रिटिश कोलंबियातल्याच एका अभ्यासात एमएसपूर्व पाच वर्षांत २८ टक्के लोकांना मानसिक आजार होता, इतरांत सुमारे १५ टक्क्यांना. फरक मोठा आहे. पण कॅनडातले एमएसचे प्रमाण, जे जगात वरच्या क्रमांकाचे आहे, लाखामागे ३०० धरले तर त्या लाखातल्या मानसिक आजार असलेल्या साधारण १५ हजार लोकांत एमएसचे शंभरसुद्धा निघणार नाहीत. हा हिशेबही उदार हाताने केलेला! तेव्हा थकलेल्या, उदास, पाठदुखीच्या प्रत्येकाला एमआरआयला धाडले तर भले होईल ते एमआरआय सेंटरचे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण तो चाळणी-तपासणीच्या विरोधात आहे. नोंदी नीट वाचण्याच्या विरोधात नाही. डोळा दुखून दिसणे अंधुक होणे, पायाला मुंग्या, लघवीची घाई या तीन तक्रारी तीन वर्षांत तीन डॉक्टरांकडे गेल्या असतील, तर त्या एकत्र मांडायला पैसे पडत नाहीत.

दुसरी शंका म्युनिकच्या संशोधकांनी २०२१ मध्ये उपस्थित केली. बव्हेरियातल्या नोंदी पाहून त्यांचे म्हणणे पडले, की यातल्या बऱ्याच तक्रारी पूर्वलक्षणे नसून न ओळखलेले एमएसचेच झटके असावेत. तसे असेल तर माझा मुद्दा अधिकच बळकट होतो: आजार दारात येऊन गेला आणि त्याच्यावर दुसरेच नाव लिहिले गेले. आधी कळून उपयोग काय, असेही विचारले जाते. एमआरआयवर एमएससारखे डाग आहेत पण लक्षण एकही नाही, अशा लोकांना डायमिथाइल फ्युमरेट देऊन केलेल्या चाचणीत पहिल्या झटक्याचा धोका ८० टक्क्यांहून अधिक घटला. चाचणी छोटी होती, जेमतेम ८७ जणांची. तरीही ‘उपयोग काय’ हा प्रश्न आता निकाली निघू लागला आहे.

कॅनडाला हे जमले ते तिथल्या प्रांतात प्रत्येक भेटीची नोंद एकाच सरकारी खात्यात पडते म्हणून. आपल्याकडे ती नोंद रुग्णाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. मुंबईच्या पारशी समाजातले एमएसचे प्रमाण १९८८ मध्येच अभ्यासले गेले होते, आणि २०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्याच्या यादीतही हा आजार आहे. तेव्हा तो परक्यांचा म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडे तशी एकत्र नोंद होईपर्यंत निदान एवढे करा: जुनी प्रिस्क्रिप्शन फेकू नका, तारखेनुसार लावा आणि नव्या डॉक्टरांपुढे आजच्या तक्रारीच्या कागदाबरोबर तो सगळा गठ्ठा ठेवा.