आदित्यवार कोणाचा?

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस जेजुरीचा गड भंडाऱ्याने पिवळा होतो. घरोघरी सहा दिवसांचे नवरात्र उठते, तळी भरली जाते, आणि चातुर्मासात वर्ज्य मानलेल्या वांग्याचे भरीत बाजरीच्या रोडग्यासह आधी खंडेरायाच्या व मग आपल्या पानात पडते. खंडोबाचा वार रविवार. मार्तंड हे नावच मुळी सूर्याचे, तेव्हा आदित्यवार त्याच्या वाट्यास यावा यात नवल नाही. आमच्या या चंपाषष्ठीच्या सुमारासच ख्रिस्ती समाजात नाताळापूर्वीचे चार रविवार येतात. त्यांना ते आगमनकाळाचे रविवार म्हणतात. दोन भिन्न श्रद्धांनी एकच वार पवित्र मानावा, हा योगायोग खरा. परंतु मुंबईच्या इतिहासात या योगायोगाने लाखो माणसांच्या आयुष्यात भर घातली आहे, आणि आज जगभर चाललेला एक वाद समजून घेण्यास तोच उपयोगी पडतो. म्हणून सणाच्या दिवशी थोडे परक्या अंगणात डोकावण्याची परवानगी वाचकांकडे मागतो.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आपल्याकडे जितके घेतले जावे तितके घेतले जात नाही. सत्यशोधक चळवळीतील हे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणून सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारनियुक्त आयोगापुढे ठेवला. पहिलीच मागणी होती आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटीची. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, अपघातात भरपाई, या मागण्या तिच्यामागून. त्या काळी सरकारी कचेऱ्या रविवारी बंद राहत, कारण राज्यकर्त्यांचा तो प्रार्थनेचा दिवस होता. गिरणीचा भोंगा मात्र वार ओळखत नव्हता. रविवार हा आमच्या खंडोबाचाही वार आहे, असा युक्तिवाद लोखंडे यांनी मांडला, असे सांगितले जाते. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत हजारो कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षीच्या १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटीला सरकारी आधार मिळाला. ज्या सुटीला आपण ‘इंग्रजांची सुटी’ म्हणतो, ती मराठी कामगाराच्या हाती इंग्रजांनी आपण होऊन ठेवलेली नाही.

आता परक्या अंगणाकडे. काळाचा सदुपयोग म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती परंपरेत एकच नाही, आणि दोन उत्तरे एकमेकांशी फारशी जुळतही नाहीत. संत पौलाने इफिस येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात काळाविषयी जे क्रियापद वापरले आहे, त्याचा मूळ ग्रीक अर्थ बाजारातून मोल देऊन सोडवून आणणे असा आहे. काळासाठी त्याने योजलेला शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. ग्रीक भाषेत घटका-पळांनी मोजायच्या काळाला एक शब्द, आणि योग्य घडीला, आपण ज्याला मुहूर्त किंवा पर्वकाळ म्हणू त्याला, दुसरा. पौलाने दुसरा घेतला. पंचांग बाळगणाऱ्या घरांना हा भेद वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

या एका वचनातून पुढे दोन प्रवाह निघाले. सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी दिनक्रम घालून दिला. त्यात ठरलेल्या प्रहरी प्रार्थना, ठरलेल्या वेळी अंगमेहनत, ठरलेल्या वेळी वाचन. घंटा झाली की हातातले काम जेथे असेल तेथे ठेवून उठायचे. कामाला सीमा घालणारा हा नियम होता. दुसरा प्रवाह अठराव्या शतकातील इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या ठिकाणी ठळक दिसतो. काळ सोडवून घेण्यावर त्यांचे एक प्रवचन प्रसिद्ध आहे आणि ते जवळजवळ सगळे झोपेविषयी आहे! तरुणपणी त्यांना रोज मध्यरात्रीच्या सुमारास जाग येई. अर्थी आपण गरजेपेक्षा जास्त वेळ अंथरुणात घालवतो, असे ठरवून त्यांनी गजराचे घड्याळ आणले. सातला उठून पाहिले, मग सहाला, मग पाचला. तरीही मध्येच जाग येणे चुकेना. चारला उठू लागल्यावर मात्र रात्रभर गाढ झोप लागली, आणि तो नेम त्यांनी जन्मभर चालवला. ब्राह्ममुहूर्ताची महती ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना वेस्ली परके वाटणार नाहीत. परंतु क्षण वाया जाऊ न देण्याची ही शिकवण मठातून व देवघरातून बाहेर पडून कारखान्यात गेली, तेव्हा तिचे रूप पालटले. देवाने दिलेला क्षण हा मालकाने विकत घेतलेला क्षण झाला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये या स्थित्यंतरावर जे लिहिले, त्यावर अजून वाद चालू आहेत. आमच्या मते त्यांचे निदान निम्मे तरी बरोबर होते.

या ओढाताणीत रविवार हा बांध होता. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने इसवी सन ३२१ मध्ये सूर्याच्या वारी न्यायाधीश, नगरवासी व कारागीर यांनी काम थांबवावे असा आदेश काढला. शेतकऱ्याला मात्र त्यातून सूट होती. पेरणीचा दिवस पुन्हा येत नाही, एवढे सम्राटालाही कळत होते. पुढे काही देशांत हा बांध इतका करकचून बांधला गेला की त्यात माणूसच अडकला. वास्तविक येशूच्या चरित्रात याच प्रश्नावरचे प्रसंग आहेत. विश्रांतिदिनी भुकेल्या शिष्यांनी शेतातील कणसे खुडली, तेव्हा कर्मठांनी आक्षेप घेतला आणि येशूने शिष्यांची बाजू घेतली. त्याच वारी त्याने हात वाळलेल्या माणसाला बरे केले. सोवळ्याचा अतिरेक आणि त्यावर संतांनी ओढलेले कोरडे आपल्याला ठाऊक असल्याने यावर अधिक लिहीत नाही.

आज हा बांध कोर्टात आणि कायदेमंडळांत लढवला जात आहे. जर्मनीच्या राज्यघटनेत रविवार हा विश्रांतीचा व मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षित आहे. बर्लिन राज्याने आगमनकाळाच्या चारही रविवारी दुकाने उघडी ठेवण्यास मुभा दिली, तेव्हा कॅथलिक व प्रोटेस्टंट दोन्ही चर्चसंस्था तक्रार घेऊन गेल्या, आणि १ डिसेंबर २००९ रोजी तेथील घटना न्यायालयाने ती मुभा घटनाबाह्य ठरवली. पोलंडमध्ये मार्च २०१८ पासून रविवारच्या दुकानदारीवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. तिची मागणी चर्चच्या पाठिंब्याने सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने पुढे आणली होती, हे लोखंडे यांच्या महाराष्ट्राने ध्यानात घ्यावे. मालक स्वतः गल्ल्यावर उभा राहत असेल तर दुकान उघडे ठेवता येई. टपालसेवा देणाऱ्या दुकानांनाही सूट होती. मग काय, मोठमोठ्या साखळी दुकानांनी पार्सले स्वीकारण्याची खिडकी उघडली आणि आपण टपालघर असल्याचे जाहीर केले! २०२२ च्या फेब्रुवारीत ती पळवाट बुजवावी लागली. एकादशीला साबुदाण्याचे सतरा प्रकार शोधून काढणाऱ्या आपण या युक्तीला हसू नये हे बरे.

टपालाचाच संबंध अमेरिकेतील खटल्याशीही आहे, आणि या सगळ्या प्रकरणात आम्हांला सर्वांत विचार करावयास लावतो तो हाच. पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका ख्रिस्ती टपाल कर्मचाऱ्याने २०१२ मध्ये नोकरी धरली, तेव्हा रविवारी टपालवाटप नसे. पुढच्याच वर्षी टपाल खात्याने ॲमेझॉन या कंपनीशी करार केला आणि रविवारी पार्सले निघू लागली. रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशी कामाचे मोल घेणार नाही, असे त्याचे म्हणणे. रविवार टाळण्यासाठी त्याने लहान गावातील टपालघरात बदली घेतली. पार्सले तेथेही पोचली. त्याच्या वाटणीचे रविवार कधी सहकाऱ्यांनी केले, कधी खुद्द पोस्टमास्तरांनी. कारवाया झाल्या, आणि २०१९ मध्ये त्याने राजीनामा दिला. ‘ग्रॉफ विरुद्ध डीजॉय’ या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ जून २०२३ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले, की कर्मचाऱ्याच्या धर्माचरणाला वाव देण्याने व्यवसायावर भरीव बोजा पडतो हे मालकाला दाखवावे लागेल. १९७७ पासून चालत आलेली ‘किरकोळाहून थोडा अधिक खर्च’ ही कसोटी पुरेशी नाही. कर्मचारी जिंकला असे मात्र झाले नाही. प्रकरण नव्या कसोटीवर पुन्हा तपासण्यासाठी खालच्या न्यायालयाकडे परत पाठवले गेले.

या माणसाच्या निष्ठेपुढे आमची मान लवते. पण जे सहकारी त्याच्या जागी रविवारी गाडी घेऊन निघाले, त्यांचे काय? त्यांच्यापैकी कोणाला चर्चला जावयाचे असेल, कोणाला मुलाचा सामना पाहावयाचा असेल. पूर्वी सगळ्यांचा रविवार एकदम बंद होता म्हणून एकाचा रविवार दुसऱ्याच्या खांद्यावर पडत नव्हता. खिडक्या सातही दिवस उघडल्या, आणि ज्याची श्रद्धा कोर्टात सिद्ध होईल त्याला सुटी, बाकीच्यांना पाळी, अशी वाटणी होऊ लागली. उपवास एकट्याने करता येतो. एकादशी करणाऱ्या सासूबाईंच्या शेजारी बसून नातू खुशाल पोळी खातो आणि दोघांचेही बिघडत नाही. सुटीचे तसे नाही. घरातील एक जण रविवारी मोकळा, दुसरा मंगळवारी, तिसरा मालकाच्या मर्जीवर, अशा घरात सगळ्यांनी मिळून आरतीला उभे राहणे दुर्मिळ होते. ख्रिस्ती धर्मपंडित ज्याला काळाचा सद्विनियोग म्हणतात, त्याचा हा सामुदायिक अर्थ जर्मन न्यायालयाने आणि पोलिश कामगारांनी अमेरिकन न्यायालयापेक्षा अधिक नेमका ओळखला, असे आम्हांला वाटते. पोलंडचा कायदाही निर्दोष नाही; लहान दुकानदाराला दिलेली सूट म्हणजे त्याने स्वतःचा रविवार विकावा, असाच तिचा अर्थ होतो.

या संदर्भात एरिक लिडेल यांची आठवण होते. चीनमध्ये मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले हे स्कॉटिश धावपटू. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी आल्या, म्हणून त्यांनी आपली हुकमी शर्यत सोडली आणि चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. ही कथा चित्रपटामुळे जगाला माहीत आहे. पुढची तितकी माहीत नाही. लिडेल पुढल्याच वर्षी चीनला परतले. तेथे ते शिकवीत, उपदेश करीत. १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना वेइशिएन येथील छावणीत अडकवले. तेथे मुलांना शास्त्र शिकवावे, म्हाताऱ्यांचे पाणी भरावे, पोरांचे खेळ घ्यावेत, असा त्यांचा दिवस जाई. रविवारी मात्र खेळ नाही. मुलांनी हट्टाने एका रविवारी आपापसांत हॉकीचा डाव मांडला. पंच नव्हता, तेव्हा त्याचे पर्यवसान मारामारीत झाले. पुढल्या रविवारी पंच म्हणून मैदानात उभे राहिले ते लिडेल. ज्या वाराखातर त्यांनी ऑलिंपिकची शर्यत सोडली होती, तो त्यांनी कोंडलेल्या पोरांसाठी मोडला. फेब्रुवारी १९४५ मध्ये, युद्ध संपण्यापूर्वीच, ते छावणीत मेंदूच्या गाठीने वारले.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये आठवड्यास सत्तर तास काम करण्याचा सल्ला तरुणांना दिला गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या एका बड्या उद्योगसमूहाच्या प्रमुखांनी आपण कर्मचाऱ्यांकडून रविवारी काम करून घेऊ शकत नाही याची खंत बोलून दाखवली. त्यावर थट्टा बरीच झाली. ज्यांनी थट्टा केली त्यांचे रविवार, निदान कागदावर, शाबूत आहेत. रविवारी दुपारी पाठीला पेटी लावून जिने चढणाऱ्या मुलाला या वादात कोणी विचारले नाही. त्याला मालक नाही, ‘भागीदार’ म्हणून त्याची नोंद आहे. सुटी घ्यावयाची तर त्या दिवसाची कमाई सोडावयाची. १८८४ च्या अर्जावर सह्या करणाऱ्यांनी निदान अर्ज कोणाविरुद्ध करावयाचा हे जाणले होते.

यंदाच्या चंपाषष्ठीलाही भरताची वांगी अनेक घरांत त्याच मुलाच्या हातून आली असतील. त्याच्या घरी तळी कोणी भरली, हे विचारण्याइतका वेळ दारात कोणालाच नव्हता. पेटी खाली ठेवण्याआधीच पुढच्या पत्त्याची सूचना वाजली.