ज्या छंदात नफा वर्ज्य आहे



आपल्या व्यापारी घरांत एक प्रश्न पाळण्यापासून कानांवर पडतो : "यातून मिळणार काय?" प्रश्न वाईट नाही. त्यानेच पेढ्या उभ्या राहिल्या आणि उधळपट्टीला आळा बसला. परंतु गेल्या वैशाखात माझ्या माहेरी, सांगलीस, याच प्रश्नावरून बापलेकांचे बोलणे महिनाभर बंद पडले आणि मध्यस्थीसाठी मला कोल्हापूरहून जावे लागले. त्याची ही हकीकत, घरच्यांची संमती घेऊनच लिहीत आहे.

माझ्या धाकट्या भावाची हळदीची अडत आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा. कॉलेज करून अर्धा दिवस दुकानावर बसतो. हिशेबाला चोख, गिऱ्हाइकाशी नम्र. त्याच्याविरुद्ध तक्रारी दोनच. पहिली, पेठेतल्या जुन्या घराच्या परसात गंजत पडलेली आप्पांची जीप भंगारात द्यायचे ठरले असता तो आडवा पडला. दुसरी, स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून त्याने दोन वॉकी-टॉकी ऑनलाइन मागवले.

"अक्का, हे वय धंदा शिकायचे. हा गंज खरवडत बसतो आणि खेळण्यांत बोलतो," भाऊ म्हणाला.

जीप पाहायला मी परसात गेले. आमचे वडील, म्हणजे आप्पा, १९७२ साली घेतलेल्या या गाडीतून गावोगाव हळदीचे नमुने पाहायला जात. मूळची विलीज जीप अमेरिकन सैन्यासाठी १९४१ पासून बनू लागली. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत महिंद्र कंपनीने ती मुंबईत माझगावला जोडण्यास आरंभ केला. आप्पांची गाडी उंच बॉनेटची, सीजे-थ्री-बी. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी आखूड दांडे. ते ओढले की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो आणि चिखलातली गाडी सावकाश पण नेमाने वर येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा ही जीप टपापर्यंत बुडाली. गाळ गिअरपेटीत शिरला, इंजिन जखडले आणि तिच्याकडे पुन्हा कोणी पाहिले नाही.

वॉकी-टॉकीचे प्रकरण मात्र मला समजेना. म्हणून कोल्हापुरातील एका स्नेह्यांना सांगलीस बोलावले. ते निवृत्त अभियंते असून अनेक वर्षे हौशी रेडिओ, ज्याला लोक 'हॅम' म्हणतात, तो चालवतात. संच हातात घेताच त्यांनी विचारले, "परवाना आहे का?" मुलगा गप्प.

त्यांनी जे समजावले, ते प्रत्येक घराने जाणून घ्यावे असे आहे. आपल्या देशात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यात, कमी शक्तीचे आणि शासनमान्य प्रकारचे संच परवान्याशिवाय वापरता येतात. मुलाने आणलेले संच तसे नव्हते. असे स्वस्त संच वाटेल त्या लहरींवर बोलू शकतात. चुकून पोलिसांच्या किंवा अग्निशमन दलाच्या बोलण्यात अडथळा आला, तर तो अपराध लहान राहत नाही. परवान्याशिवाय ते नुसते बाळगणेही कायद्याला मंजूर नाही. विकणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे. अशा संचांच्या ऑनलाइन विक्रीबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

"मग यावर उपाय?" मी विचारले.

"परीक्षा," ते म्हणाले. "केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा असते. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही बसता येते. रेडिओचे शास्त्र आणि नियम, एवढाच अभ्यास. वरच्या श्रेणीसाठी मोर्स लिपी मिनिटाला आठ शब्दांच्या गतीने पाठवता आणि ऐकता यावी लागते. खालच्या श्रेणीला तीही अट नाही. परवाना मिळाला की 'व्हीयू' अक्षरांनी सुरू होणारे स्वतःचे संकेतनाम मिळते. राजीव गांधींचेही असे संकेतनाम होते : व्हीयू-टू-आरजी."

भावाच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला. तो व्यापारी माणूस. त्याच्या मनात लगेच हिशेब सुरू झाला. "तर मग काढू दे परवाना. दुकानातून थेट यार्डात बोलता येईल. सौदे चालू असताना भाव तिथल्या तिथे कळेल."

पाहुणे हसले. "शेठजी, नेमके तेवढेच करता येणार नाही. १९७८ च्या नियमांपासून हे स्पष्ट आहे. या लहरींवर धंद्याचा निरोप चालत नाही. मोबदला घेता येत नाही, गाणीबजावणी नाही. स्वतः शिकावे, प्रयोग करावेत, दुसऱ्या हौशी माणसाशी बोलावे, यासाठीच हा परवाना."

भावाने मोर्चा जीपकडे वळवला. "निदान ही दुरुस्त झाली, तर लग्नाच्या वरातींना भाड्याने तरी देता येईल. हल्ली जुन्या गाड्यांची फार हौस आहे लोकांना."

तेही दार बंद निघाले. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने लावता येत नाही. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, पुनर्नोंदणीस ५,००० रुपये, मुदत १० वर्षे. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची; व्यापारी वापर मुळीच नाही. नेहमीच्या नोंदणीने फिरवायची, तर १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. आमच्या जीपची नोंदणी कधीच संपलेली, कागद अजून आप्पांच्याच नावावर.

भाऊ उठून उभा राहिला. "म्हणजे दोन्हीकडे जमेची बाजू कोरी! अरे, यातून मिळणार काय?"

मुलगा इतका वेळ खाली मान घालून बसला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "पप्पा, पुरात आप्पांचा फोन बोलता बोलता बंद पडला होता."

खोलीत कोणी काही बोलले नाही. त्या वेळी आम्ही सगळ्यांनी घर सोडले, आप्पांनी सोडले नाही. "वरच्या मजल्यावर पाणी येत नाही," असे म्हणून ते नोकरासह राहिले. वीज गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला, तो या नातवानेच घेतला. "बाळ, जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत..." एवढे ऐकू आले आणि फोन बंद झाला. बॅटरी संपली होती. त्यानंतर दोन दिवस आप्पा आहेत की नाहीत, हे आम्हांला ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी नावेतून त्यांना आणले. पुढे दोन वर्षांनी ते शांतपणे गेले. पुराची आठवण मोठ्यांनी वहीतल्या नुकसानीबरोबर मिटवून टाकली. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात मात्र ती पाचवी पायरी तशीच राहिली होती.

"गाडीची बारा व्होल्टची बॅटरी आणि छतावर ताणलेली तार, एवढ्यावर संच चालतो," तो म्हणाला. "टॉवर लागत नाही, वीज लागत नाही. म्हणून मला जीपही हवी आहे."

पाहुण्यांनी मान डोलावली. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हौशी रेडिओचालक सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. हेतू छंदाचाच : अंदमानातून जगभरच्या हौशी लोकांशी बोलायचे. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि छंदासाठी मांडलेले तेच केंद्र बेटांवरची खबर मुख्य भूमीवर पोहोचवण्याच्या कामी आले. हातातल्या लहान संचाचा आवाज साधारणतः दृष्टीच्या टप्प्यापर्यंतच जातो. पण त्याहून लांब तरंगांचा मोठा संच असेल, तर त्या लहरी आकाशातल्या वरच्या थरावर आपटून शेकडो-हजारो किलोमीटर पलीकडे उतरतात. हे कौशल्य संकटाच्या दिवशी शिकता येत नाही. ते शांत दिवसांत, कसलाही लाभ नसताना, अंगी मुरवावे लागते. कायद्याने या छंदातून नफा बाहेर का ठेवला असावा, हे मला त्या संध्याकाळी उमगले.

पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगते. बिनपरवान्याचे दोन्ही संच बंद करून परत पाठवले. मुलाने पावसाळाभर परीक्षेचा अभ्यास केला आणि जीप परसातच उघडली. घाईने हँडल मारले असते, तर इंजिन कायमचे बिघडले असते. प्लग काढून त्या भोकांतून तेल सोडले, आठ दिवस मुरू दिले, मग हाताने केसभर पुढे, केसभर मागे. गिअरपेटीतले तेल पाणी मिसळून दुधाळ चहासारखे झाले होते. पुढच्या चाकांचा दांडा काही केल्या हलेना. एका रविवारी भाऊ चहाचा पेला घेऊन उभा होता. तो म्हणाला, "तसा ओढू नकोस. आधी गाडी थोडी मागे ढकल, मग येतो तो." याच जीपवर आप्पांनी त्याला गाडी शिकवली होती, हे तो स्वतःच विसरला होता. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे सुरू झाले.

या छंदांकडे वळणाऱ्या कुटुंबांसाठी दोन-तीन गोष्टी. कागद आधी, यंत्र नंतर. इंजिन किंवा सांगाडा बदलायचा असेल, तर परिवहन कार्यालयाची परवानगी हवी. खर्चाची वार्षिक मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवा. एक जीप दारात आली की दुसरी खुणावू लागते, आणि परिग्रहाचे परिमाण आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. पावसाळ्यात गवताळ पठारांवर आणि ओढ्यांत गाडी घालू नका. त्या चार महिन्यांत चाकाखाली किती जीव येतात, याचा विचार आपल्या घरात तरी व्हावाच. वनखात्याच्या रस्त्यांवर परवानगीशिवाय जाऊ नका. आणि रेडिओचा पहिला धडा घरीही उपयोगी पडतो : बोलण्याचे बटण दाबलेले असते, तोवर समोरच्याचे ऐकू येत नाही.

मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला आहे. परवाना यायचा आहे. तोवर आमच्या स्नेह्यांच्या केंद्रावर, त्यांच्या देखरेखीखाली बसून तो ऐकायला शिकतो. जीप दिवाळीच्या आधी चार मिनिटे चालली आणि बंद पडली. नोंदणी कोणती घ्यायची, ते ती पुरती चालू लागल्यावर ठरेल.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी माहेरी होते. भावाने नव्या वहीत नेहमीची खाती मांडली आणि शेवटी आणखी एक खाते काढले : 'छंद'. नावे बाजूला मुलाच्या टिपणवहीतला सगळा खर्च उतरवला, तेल-गॅस्केटपासून परीक्षेच्या शुल्कापर्यंत. जमेची बाजू कोरीच होती. मुलगा ती पाहून संकोचला.

"राहू दे कोरी," भाऊ म्हणाला आणि त्याने पान उलटले.