तुलना कोणत्या मापाने?
भिलाईच्या पोलाद कारखान्यात टीएमटी सळया तयार होतात. साठा, चाचणी, पाठवणी यांची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या इथल्या जावा प्रोग्रामरला सळईच्या प्रती तोंडपाठ असतात. आयएस १७८६ च्या २००८ च्या आवृत्तीत त्या अशा: एफई ४१५, ४१५डी, ५००, ५००डी, ५५०, ५५०डी, ६००. या यादीला ईनमच हवा, त्यात दुमत नाही. पण ‘मागितलेल्या प्रतीपेक्षा कमी चालणार नाही’ ही अट आली, की हात कम्पेअरटूकडे जातो. ती आयती मिळते, यादीही चढती दिसते आणि चाचण्या पास होतात.

कम्पेअरटू मात्र एवढेच पाहते, की कोणते नाव आधी लिहिले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने मानकात ४१५एस आणि ५००एस आल्या. कुणी त्या यादीच्या शेवटी जोडल्या, तर ४१५एस ही ६०० च्या वरची ठरते. कंपायलर काही बोलत नाही आणि चुकीचा माल ट्रकवर चढतो. कम्पेअरटू फायनल आहे, त्यामुळे ईनममध्ये ती नव्याने लिहिताही येत नाही.

यादी नीट लावली तरी भागत नाही. ५५० आणि ५००डी यांत वरची कोणती? यील्ड स्ट्रेंग्थ पाहिली तर ५५०. किमान इलाँगेशन पाहिले तर ५५० ला १० टक्के, ५००डी ला १६. भूकंपाचा विचार करणारा अभियंता दुसरे उत्तर मागेल आणि त्याचे बरोबरच आहे. माप सांगितल्याशिवाय या तुलनेला अर्थच नाही.

म्हणून आमचा प्रस्ताव असा: प्रत्येक टीमने सामायिक युटिलिटी क्लासमध्ये ‘इजॲटलीस्ट’ ही छोटी स्टॅटिक मेथड ठेवावी. तिला हातातली प्रत, हवी असलेली प्रत आणि माप सांगणारा कम्पॅरेटर द्यायचा. आकडे ईनमच्याच फील्डमध्ये असले, की जावा ८ पासून हा कम्पॅरेटर एका ओळीत होतो. नल आला तर तिथेच एक्सेप्शन फेकावे. प्रत माहीत नसणे आणि प्रत कमी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जेनेरिक टाइपला ‘ई एक्स्टेंड्स ईनम ऑफ ई’ हेच बंधन घालावे, म्हणजे सळईची प्रत चुकून प्लेटच्या प्रतीशी ताडली तर कोड कंपाइलच होणार नाही.

माप न देता चालणारी सोपी आवृत्ती कृपया ठेवू नका. ती असली, की सगळे तीच वापरतील. ‘यांपैकी एक आहे का’ एवढेच विचारायचे असेल तर ईनमसेट आहेच, त्यासाठी नवे काही लिहायला नको. सुरुवात जुन्या कोडपासून करावी: ऑर्डिनल आणि कम्पेअरटू जिथे जिथे ईनमवर वापरले आहेत, त्या प्रत्येक ठिकाणी लिहिणाऱ्याला कोणते माप अभिप्रेत होते ते विचारून घ्यावे.