शेगडीच्या जाळीला रंग नको

सणवार जवळ आले की स्वयंपाकघराची आवराआवर सुरू होते आणि गॅसच्या शेगडीवरची बिडाची जाळी डोळ्यांत खुपू लागते. इनॅमल उडालेले, कडांना तांबूस गंज. मग खिडकीच्या ग्रिलचा उरलेला ऑइलपेंट नाही तर चंदेरी स्प्रे तिच्यावर मारला जातो. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत अनेक घरांत मी हे पाहतो. माझ्या मते हे करूच नये.

गंज दिसायला वाईट, पण तो विष नव्हे. रंगाचे तसे नाही. ऑइलपेंट ज्वाळेवर जळतो आणि धूर स्वयंपाक करणारीच्या छातीत जातो. त्यात शिसे असेल तर प्रकरण गंभीरच. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. माळ्यावरच्या त्याआधीच्या डब्याला मात्र तो ठाऊक नाही. पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेंदूची झालेली हानी पुढे भरून येत नाही. म्हणूनच रंगवलेली जुनी जाळी घरात कोरडी घासणेही वाईट. ती भूकटी रांगत्या बाळाच्या हाताला लागते.

उष्णता सोसणारा रंग मिळतो, हे खरे. पण तो बहुधा सायलेन्सरसारख्या वस्तूंसाठी असतो, थेट ज्वाळेसाठी नव्हे. डब्यावरचा मजकूर वाचावा. पोपडे सुटून बर्नरच्या छिद्रांत पडले की ज्योत पिवळी होते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आपल्याकडे गॅलऱ्या बंद करून स्वयंपाकघरे वाढवलेली, त्यामुळे हवा खेळत नाही.

२०२० साली डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला तेव्हा आपण संतापलो, ते योग्यच होते. ओट्यावरच्या रंगाबद्दल मात्र दुकानदाराला एक प्रश्न विचारत नाही!

इनॅमल नसलेली बिडाची जाळी असेल तर तिला बिडाच्या तव्यासारखे वागवावे. कधीच रंगवलेली नसेल तर सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून तारेच्या ब्रशने घासावी आणि पूर्ण वाळवावी. मग खाण्याच्या जवसाच्या तेलाचे बोट फिरवून फडक्याने जवळजवळ सगळे पुसून काढावे. खिडक्या उघड्या ठेवून धूर थांबेपर्यंत तापवावी. असे तीन-चारदा केले की तेल घट्ट होऊन काळा, तुकतुकीत थर बसतो. रंगाच्या दुकानातले ‘डबल बॉइल्ड’ तेल मुळीच नको. लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घालतात. टोकांवरचा थर जळेल, तेवढा पुन्हा द्यावा.

इनॅमलची जाळी घरी दुरुस्त होत नाही, कारण तो थर काचेचा असून सुमारे आठशे अंशांवर भट्टीत चढवलेला असतो. फारच उडाला असेल तर नवी जाळी घ्यावी. नेताना जुनी बरोबर न्यावी. उंची चुकली तर भांडे ज्योतीवर टेकते आणि काजळी धरते.