लांडगा आला रे आला!

गेल्या महिन्यात बाबांची बायपास झाली. आता ठणठणीत आहेत, म्हणून हे लिहायचा धीर होतोय.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत पाच मिनिटं सोडलं. मी जवळ जातोय तोच मॉनिटरनं बोंब ठोकली. लाल आकडा, ऑक्सिजन ७०! पोटात गोळाच आला. सिस्टर शांतपणे आल्या, बोटावरून निसटलेली क्लिप नीट बसवली. ९७. "दिवसभर असंच चालतं हो दादा," म्हणाल्या. तोवर शेजारचा मॉनिटर सुरू... तिकडे कोणी वळूनही बघितलं नाही.

आधी राग आला. मग आठवलं, ऑनकॉलवर एका रात्रीत पन्नास अलर्ट आले की मी काय करतो? म्यूट करून झोपतो!

डॉक्टरांकडे याला नाव आहे, 'अलार्म फटीग'. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका विद्यापीठ रुग्णालयातला अभ्यास २०१४ साली छापून आला. पाच आयसीयू, ३१ दिवस, २५ लाखांहून जास्त अलार्म! ऐकू येणारेच खाटेमागे दिवसाला १८७. यात खरा लांडगा कुठला, हे माणसानं ओळखायचं कसं? अमेरिकेच्या जॉइंट कमिशनकडे जानेवारी २००९ ते जून २०१२ मध्ये अलार्मशी संबंधित ९८ घटना नोंदल्या गेल्या. त्यातले ८० पेशंट गेले.

गंमत म्हणजे चांगलं डिझाइन त्याच इमारतीत आहे. ऑपरेशन थिएटरात पल्स ऑक्सिमीटरच्या बीपची पट्टी ऑक्सिजनबरोबर उतरते. भूलतज्ज्ञाची नजर दुसरीकडे असली तरी कानाला कळतं. तो आवाज माहिती देतो, नुसता ओरडत नाही.

मग आयसीयूतही मर्यादा पेशंट बघून ठरवा, इलेक्ट्रोड रोज बदला, ऑक्सिजनचा अलार्म काही सेकंद थांबून वाजू द्या. अर्थात, इथे एक गोम आहे. माझा सर्व्हर दहा मिनिटं पडला तर कोणाची तरी ऑर्डर अडते. इथे थांबवलेल्या प्रत्येक सेकंदाला किंमत आहे. म्हणून हा निर्णय डॉक्टर आणि सिस्टर यांनी मिळून, दिवसाउजेडी घ्यायला हवा. पहाटे तीनला वैतागून दाबलेल्या बटणानं नव्हे.

आणि ते बटण दाबणाऱ्या सिस्टरला लगेच निष्काळजी म्हणू नका. "आम्ही वाजवलं होतं" म्हणून हात झटकणारं मशीन आपल्यासारख्याच कुणा इंजिनिअरनं बनवलेलं असतं.

असो. सोमवारी आधी माझे पन्नास अलर्ट तपासणार आहे. ज्यावर काही करायचंच नाही, तो वाजतो कशाला?