महायंत्रे आणि छोट्या यंत्रांची वाट

बर्कली येथे १९३१ साली अर्नेस्ट लॉरेन्स व त्याचा विद्यार्थी लिव्हिंग्स्टन यांनी यशस्वी केलेले पहिले सायक्लोट्रॉन तळहातावर मावेल एवढे होते. जिनीव्हाजवळ भूगर्भात असलेल्या आजच्या सर्वांत मोठ्या कणवेगवर्धकाचा परीघ २७ किलोमीटर आहे. २०१२ साली याच यंत्राने हिग्ज कणाचा शोध लावला. परंतु पुढच्या पावलासाठी सर्न संस्थेने ज्या यंत्राचा आराखडा मांडला आहे, त्याचा परीघ ९१ किलोमीटर असून केवळ पहिल्या टप्प्याचा अंदाजी खर्च सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक आहे. मूलभूत विज्ञानाची ही वाढ अशीच चालू राहू शकेल काय, हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर एकदा दिले आहे. टेक्सासमध्ये ८७ किलोमीटर परिघाच्या यंत्राचे काम चालू असता, सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाल्यावर, १९९३ साली तेथील काँग्रेसने ते बंद पाडले. अर्धवट खणलेला बोगदा तेवढा उरला. धनाढ्य राष्ट्राच्याही औदार्याला मर्यादा असते, हा त्यातला धडा होय.

यंत्रे एवढी प्रचंड का होतात? रूढ पद्धतीत धातूच्या पोकळ्यांतील विद्युत्क्षेत्र कणांना पुढे ढकलते. ते प्रमाणाबाहेर वाढविले की ठिणग्या पडून पोकळीच निकामी होते. म्हणून वेग वाढवायचा तर लांबी वाढवावी लागते. वर्तुळाकार यंत्रात चुंबकांची ताकद अपुरी पडते आणि परीघ वाढतो. या कोंडीतून सुटण्याचा मार्ग ताजिमा व डॉसन या शास्त्रज्ञांनी १९७९ साली सुचविला. प्लाझ्मातील अणू आधीच विस्कटलेले असल्याने तेथे ठिणगीचे भय नाही. त्यातून लेसरचा अत्यल्पकालीन झोत गेला की नावेमागे उठावी तशी लाट उठते आणि तीवर स्वार झालेले इलेक्ट्रॉन हजारपट तीव्र क्षेत्रात धावतात. १९८५ साली स्ट्रिकलँड व मूरू यांनी शोधलेल्या, व २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या लेसर तंत्रामुळे ही कल्पना प्रयोगशाळेत उतरली. २०१९ साली बर्कलीत अवघ्या २० सेंटिमीटर अंतरात इलेक्ट्रॉनांना सुमारे ८ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा देण्यात आली. रूढ यंत्राला त्यासाठी शेकडो मीटर लागतात.

तथापि एवढ्यावरून महायंत्रांचे युग संपले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कणांची टक्कर घडवून नवे शोधायचे तर नुसती ऊर्जा पुरत नाही. झोत एकसारखा, दाट आणि सेकंदाला हजारो वेळा मिळणारा असावा लागतो. असे अनेक टप्पे एकापुढे एक अचूक जोडणे अद्याप साधलेले नाही, आणि प्रचंड शक्तीचे लेसर बरीच वीज वाया घालवतात. म्हणून या यंत्रांचे पहिले कार्यक्षेत्र वेगळे असेल: पदार्थांचे व जीवरेणूंचे निरीक्षण करणारे तीव्र किरणस्रोत. २०२१ साली शांघायच्या शास्त्रज्ञांनी अशाच झोतापासून लेसरसदृश किरण निर्माण करून त्याची चुणूक दाखविली.

भारताच्या दृष्टीने येथेच खरे महत्त्व आहे. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे, आणि ते योग्यच आहे. पण जिनीव्हाच्या यंत्रावर काम करण्याची संधी मोजक्यांनाच मिळते. इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथे उच्चशक्तीच्या लेसरांवर काम चालते. मुंबईच्याच समीर संस्थेने कर्करोगावरील उपचारांसाठी रेषीय वेगवर्धक देशातच घडविला. पाया आहे, अभाव आहे तो हा पाया विद्यापीठांपर्यंत नेण्याचा.

छोटे यंत्र म्हणजे स्वस्तात मिळणारे विज्ञान नव्हे. त्याला उत्तम लेसर, कुशल कारागीर आणि दीर्घकाळ धीराने पैसा पुरविणारे शासन लागते. परंतु खोलीत मावणारे यंत्र विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने उघडता येते, बिघडवता येते आणि सुधारता येते. लॉरेन्सच्या तळहाताएवढ्या यंत्राने एक पिढी घडविली, ती याच मार्गाने. महायंत्रांत वाटा घेताना ही दुसरी वाट बुजू न देणे, हेच आज शहाणपणाचे आहे.