भोपाळचा जाब कोणाला विचारायचा?

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळहून बारा कंटेनर पोलीस बंदोबस्तात निघाले आणि दुसऱ्या दिवशी धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला पोहोचले. त्यांत युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यात चाळीस वर्षे पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा होता. पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले, दगडफेक झाली, लाठीमार झाला, प्रकरण उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात गेले आणि शेवटी जून महिन्याच्या अखेरीस तो कचरा जाळून संपला. धारचे नाव निघाले की आपल्या मंडळींना पवारांचे संस्थान आठवते. यापुढे ही राखही आठवेल. कचरा जळाला म्हणजे भोपाळ प्रकरण संपले, असे अनेकांना वाटले. ते संपलेले नाही, आणि ते का संपत नाही हे आपण ग्वाल्हेरकरांनी तरी नीट समजून घ्यायला हवे.

ग्वाल्हेरकरांनीच का, असे कोणी विचारील. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. मध्य भारताची दफ्तरे आपल्या शहरातून उचलली गेली. आपल्या वाट्याला महालेखाकार कार्यालय, राजस्व मंडळ अशी काही खाती उरली. दफ्तरांबरोबर माणसेही गेली. जनकगंज, दौलतगंज, शिंदे की छावणी इथल्या कितीतरी मराठी घरांतला एखादा काका, एखादी आत्या तेव्हापासून भोपाळची झाली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट शहरावर पसरला, तेव्हा ती बातमी आपल्यासाठी परगावची नव्हती. घरोघरी फोन नव्हते. तार करायची आणि वाट पाहायची.

आज हा विषय काढण्याचे निमित्त मात्र वेगळे आहे. परदेशातल्या एखाद्या संस्थेने आपल्या देशातल्या मानवी हक्कांविषयी चौकशीची मागणी केली की आपल्याकडे दोन ठराविक सूर लागतात. एक म्हणतो, ही आमची अंतर्गत बाब आहे, तुम्ही नाक खुपसू नका. दुसऱ्याला बाहेरच्याने लिहिले एवढ्यानेच ते वेदवाक्य वाटते. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचा काश्मीरविषयीचा अहवाल आला, तेव्हा सरकारने तो साफ फेटाळला आणि आपल्याही बैठकांत हे दोन्ही सूर ऐकू आले. त्या अहवालाच्या गुणदोषांत आम्ही इथे शिरत नाही. आमचा प्रश्न एवढाच, की जगाने चौकशी करावी ही मागणी आपण कधी करतो आणि कधी नाकारतो?

कारण ती मागणी आपणही करतो, आणि केली ते योग्यच केले. कुलभूषण जाधव या मराठी माणसाला पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये फाशी सुनावली. भारत ८ मे रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि दहा दिवसांत फाशीला स्थगिती मिळाली. नागपुरात वाढलेल्या हरीश साळव्यांनी एक रुपया मानधनावर बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी निकाल लागला : अटकेतल्या परदेशी माणसाला त्याच्या देशाच्या वकिलातीशी भेटू न देणे हा व्हिएन्ना कराराचा भंग आहे, शिक्षेचा फेरविचार झाला पाहिजे. सुटकेचा आदेश मात्र न्यायालयाने दिला नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. पण पाकिस्तानने त्या वेळी काय युक्तिवाद केला? सुरक्षेचा प्रश्न आहे, बाहेरच्यांनी पडू नये. तो आपण मानला नाही आणि जगाच्या न्यायाधीशांनीही मानला नाही. त्या दिवशी आपण सर्वांनी पेढे वाटले. तीच मोजपट्टी घेऊन आता भोपाळकडे वळू.

भोपाळच्या बाबतीत आपले सरकारच आधी परदेशी न्यायालयात गेले होते, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. १९८५ मध्ये संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. सरकारने न्यूयॉर्कमध्ये दावा लावला आणि तिथे सांगितले, की एवढे मोठे प्रकरण पेलण्याची ताकद आमच्या न्यायालयांत नाही. त्यावर अमेरिकन कंपनीने काय करावे? तिने भारतीय न्यायव्यवस्थेची थोरवी सांगणारे प्रतिज्ञापत्र दाखल केले, आणि ते दिले होते नानी पालखीवालांनी! आपले सरकार आपल्या न्यायालयांना कमी लेखते आहे आणि ज्यांच्या कारखान्याने माणसे मारली ते त्यांची तारीफ करताहेत, असा उफराटा देखावा जगाने पाहिला. १२ मे १९८६ रोजी न्यायाधीश कीनन यांनी कंपनीची बाजू उचलून धरली आणि दावा भारतात पाठवला.

इथे मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे. भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव (हे आडनाव आपल्या वाचकांना परके नाही) यांनी १७ डिसेंबर १९८७ रोजी कंपनीने अंतरिम मदत म्हणून ३५० कोटी रुपये भरावेत असा आदेश दिला. खटला पुरा होण्याआधीच एका जिल्हा न्यायालयाने महाबलाढ्य कंपनीला पैसे काढायला सांगितले होते. उच्च न्यायालयाने पुढच्या एप्रिलमध्ये ही रक्कम २५० कोटींवर आणली, पण तत्त्व कायम ठेवले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिथे फेब्रुवारी १९८९ मध्ये जे झाले त्याची जखम अजून भरलेली नाही. ४७ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे ७१५ कोटी रुपये, घेऊन सगळे दावे मिटवण्यात आले. पीडितांना कोणी विचारले नाही. मृतांचा आकडा तेव्हा सुमारे ३,००० धरला होता. पुढे दावे तपासता तपासता तो ५,२९५ वर गेला आणि जखमींची संख्या ५ लाख ६८ हजारांवर. पीडितांच्या संघटना तर याहून कितीतरी मोठे आकडे सांगतात. रक्कम तीच, वाटेकरी अनेक पट. बहुतेकांच्या हाती आधी २५ हजार आणि २००४ नंतर आणखी तेवढेच रुपये पडले. फुप्फुसे निकामी झालेल्या माणसाच्या औषधाला ते किती दिवस पुरतील, हा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा.

त्या तडजोडीत फौजदारी खटलेही गुंडाळले होते. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उभे केले, पण १९९६ मध्ये आरोप सौम्य केला : सदोष मनुष्यवधाऐवजी निष्काळजीपणाने मृत्यू. या कलमाखाली जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षे. ७ जून २०१० रोजी, म्हणजे साडेपंचवीस वर्षांनी, आठ भारतीय अधिकारी दोषी ठरले. एक तोवर मरण पावला होता, बाकी सात जणांना त्याच दिवशी जामीन मिळाला.

आणि वॉरन अँडरसन? ७ डिसेंबर १९८४ रोजी भोपाळला अटक, त्याच दिवशी २५ हजारांचा जामीन, आणि सरकारी विमानाने दिल्ली. १९९२ मध्ये त्याला फरारी घोषित केले. प्रत्यार्पणाची मागणी अमेरिकेकडे गेली २००३ मध्ये, आणि २००४ मध्ये अमेरिकेने ती नाकारली. २९ सप्टेंबर २०१४ रोजी फ्लोरिडात ९२ व्या वर्षी तो वारला. आता ही दुसरी तारीख पाहा : १० एप्रिल २०२५ रोजी मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यातील आरोपी तहव्वुर राणा याला अमेरिकेने भारताच्या स्वाधीन केले. करार तोच, १९९७ चा. राणाला आणले याचा आम्हाला आनंदच आहे. पण एकाच करारातून एक माणूस येतो आणि दुसरा येत नाही, तेव्हा कलमांपेक्षा मागणाऱ्याची इच्छा आणि देणाऱ्याची सोय जास्त काम करते, असे म्हटले तर चुकेल काय? आपण तर फरारी घोषित केल्यावर मागणी पाठवायलाच अकरा वर्षे लावली.

सरकारांनी हात आखडला तेव्हा चौकशी कोणी केली? बाहेरच्यांनी, आणि तीही पीडितांनी बोलावल्यावर. रोमच्या स्थायी जन-न्यायाधिकरणाने ऑक्टोबर १९९२ मध्ये भोपाळमध्येच बैठक घेऊन साक्षी नोंदवल्या. त्यांच्या कामातून १९९६ मध्ये औद्योगिक धोके आणि मानवी हक्क यांविषयीची सनद निघाली. जानेवारी १९९४ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या डॉक्टरांचा वैद्यकीय आयोग आला आणि त्याने वस्त्यांत जाऊन लोकांना तपासले. नेमक्या त्याच वर्षी आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, गॅसच्या परिणामांवरचे संशोधन थांबवले! ॲम्नेस्टी इंटरनॅशनलचा अहवाल २००४ मध्ये आला. यांपैकी कोणाच्याही हाती समन्स काढण्याचा अधिकार नव्हता. पण आमच्या अंगावर काय गेले ते कोणीतरी क्रमवार लिहून घेतले, हे भोपाळच्या बायाबापड्यांना मोलाचे वाटले. राज्य सरकारनेही न्या. एन. के. सिंग यांचा चौकशी आयोग नेमला होता, दुर्घटनेनंतर आठवडाभरातच. वर्ष सरता सरता तो बरखास्तही झाला. घरच्या दिव्यात तेल नसेल तर शेजारचा उजेड डोळ्यांत खुपतो म्हणून तक्रार कशी करायची?

याचा अर्थ बाहेरचा प्रत्येक चौकशीकर्ता निर्मळ असतो असा नाही. ज्या देशाने अँडरसनला दिले नाही तोच देश दरवर्षी जगभरच्या मानवी हक्कांवर जाडजूड अहवाल छापतो, आणि रोमच्या कराराने २००२ मध्ये उभे राहिलेल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा तो सदस्य नाही. अर्थात आपणही नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता देणारा कायदा काही होत नाही. आपल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे आंतरराष्ट्रीय मानांकन २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे पुढे ढकलले गेले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी पोलीस अधिकाऱ्यांनीच करावी, हा एक मुख्य आक्षेप होता. हा आक्षेप घ्यायला जिनिव्हाची गरज नव्हती, तो आपल्या चौकातला पानवालाही घेईल.

जिनिव्हाचा उल्लेख आलाच आहे तर आपल्या बाजूची एक चांगली गोष्ट सांगू. बहुराष्ट्रीय कंपन्यांना मानवी हक्कांबाबत कायद्याने बांधणारा करार करावा, असा ठराव इक्वेडोर आणि दक्षिण आफ्रिकेने जून २०१४ मध्ये मानवी हक्क परिषदेत आणला. भारताने बाजूने मत दिले, अमेरिका आणि युरोपातल्या बड्या देशांनी विरोधात. ठराव २० विरुद्ध १४ मतांनी संमत झाला. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ मसुद्यांमागून मसुदे निघाले. असा करार १९८४ मध्ये असता तर कार्बाइडची ५०.९ टक्के मालकी असलेल्या अमेरिकेतल्या मूळ कंपनीला 'तो कारखाना आमच्या भारतीय उपकंपनीचा' असे म्हणून हात झटकणे इतके सोपे गेले नसते. २००१ मध्ये कार्बाइड विकत घेतलेल्या डाऊ कंपनीनेही पुढे तोच पवित्रा घेतला, आणि तिचे वकील भोपाळच्या न्यायालयात हजर झाले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये. आले तेही, या न्यायालयाला आमच्यावर अधिकारच नाही, हे सांगायला.

भरपाई वाढवून मागणारी केंद्राची ७,८४४ कोटींची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. त्या निकालातला एक ताशेरा विसरण्याजोगा नाही. पीडितांसाठी विमा उतरवण्याची जबाबदारी १९९१ च्या निकालाने सरकारवर टाकली होती. सरकारने तो उतरवलाच नाही, हा घोर निष्काळजीपणा आहे, असे घटनापीठाने म्हटले. कंपनीकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कुठे वळतात ते न्यायालयानेच दाखवून दिले.

राहिला तो जमिनीचा प्रश्न. पीथमपूरला जळाला तो वर बांधून ठेवलेला कचरा. २०१० मध्ये नीरी आणि राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने दूषित मातीचा अंदाज केला होता ११ लाख टनांचा. ३३७ टनांसाठी चाळीस वर्षे, तर या मातीसाठी किती? तिच्यातून झिरपलेले पाणी आसपासच्या वस्त्यांनी वर्षानुवर्षे प्यायले, आणि त्यातल्या कित्येकांचा जन्मही त्या रात्रीनंतरचा आहे.

म्हणून ग्वाल्हेर-चंबळ भागातल्या खासदारांना आणि आमदारांना पाठवण्यासाठी एक पत्र मंडळाने तयार केले आहे. जिनिव्हातल्या कराराबाबत सरकारची आजची भूमिका संसदेत सांगावी, गॅसच्या परिणामांविषयी सरकारी संस्थांकडे पडून असलेली सर्व वैद्यकीय माहिती प्रसिद्ध करावी, आणि कारखान्याच्या आवारातल्या मातीची नव्याने तपासणी करून तिचा खर्च कोणी सोसायचा ते ठरवावे, एवढेच त्यात मागितले आहे. पत्र कोणत्याही पक्षाच्या विरोधात नाही; १९८४ पासून भोपाळात आणि दिल्लीत सगळेच पक्ष सत्तेवर बसून गेले आहेत. पत्राची प्रत मंडळाच्या कार्यालयात ठेवली आहे. सभासदांनी संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत येऊन सही करावी, आणि ज्यांचे नातेवाईक त्या रात्री भोपाळमध्ये होते त्यांनी सहीखाली तसे लिहावे.